सिताराम पाटकरी आणि गाळपेरातली तार

येलदरीच्या जलाशयाचे पाणी मार्गशीर्षात मागे सरू लागते. सरता सरता ते आपल्या तळाची काळी, स्निग्ध माती उघडी टाकत जाते. या मातीला त्या भागात गाळपेर म्हणतात. नांगर न लावता मूठभर हरभरा फेकावा आणि पाहता पाहता रान हिरवे व्हावे, अशी तिची उदारता. पण उदारता असते तिथे हक्क सांगणारेही फार जमतात. पेरणारा माणूस तिच्यावर हक्क सांगतो, हिमालयाची शिखरे ओलांडून आलेला पट्टकादंब हंस सांगतो, वेड्या बाभळींच्या जाळीतून बाहेर पडणारा रानडुकरांचा कळप सांगतो. या तिघांच्या मधून, पाण्याच्या काठाकाठाने, बैलगाडीच्या एका चाकोरीएवढी वाट जाते. वनखात्याने पाणथळाला राखीव म्हणून पाटी लावली तेव्हापासून हिवाळ्यात त्या वाटेवर सायकलस्वार येऊ लागले. त्यांना घेऊन येणारा माणूस म्हणजे सिताराम पाटकरी.

पाणथळाकडे पाहणाऱ्या परक्या डोळ्याला तिथे शांती दिसते. सितारामला ती कधी दिसली नाही. आणि तरीही विहारात बसलेल्या उपासकाच्या मनात असावा तसा आदर त्या स्थळाविषयी त्याच्या मनात होता. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी चांदव्यांच्या थव्यावर झेपावताना त्याने कितीदा तरी पाहिला होता. शिकार जड असली की भोवत्या तिला उचलत नाही. तिच्या पाठीवर उभा राहतो आणि तडफड थांबेपर्यंत तिला पाण्याखाली दाबून धरतो. मग काठाला ओढत नेतो आणि ती मेली की जिवंत आहे हे न पाहता छातीपासून खायला लागतो. हे पाहून सायकलवरच्या मंडळींनी मान फिरवली की सिताराम म्हणे, "बघा, बघा. मान फिरवल्यानं त्येचं मरन टळत न्हाई."

हे शहाणपण त्याला ग्रंथांतून आलेले नव्हते. त्याचे वडील धरणाच्या भिंतीसाठी दगड वाहणारे मजूर. छप्पन साली बुद्धाला शरण जाऊन ज्या पिढीने शतकांची ओझी उतरवून ठेवली, त्या पिढीतले. सिताराम दहावीपर्यंत शिकला आणि पूर्णेच्या कालव्यावर पाटकरी म्हणून लागला. पाटकरी म्हणजे शेताशेताला पाण्याची पाळी देणारा, ठरल्या घटकेला चारीचे दार उघडणारा आणि ठरल्या घटकेला ते बंद करणारा माणूस. ऐकायला काम सोपे. पण भुईमूग वाळत असताना पाणी तोडणारा हात कुणालाच सोसत नाही. आणि तो हात बौद्धवाड्यातला असला तर मुळीच सोसत नाही. बत्तीस वर्षांच्या नोकरीत सितारामचे डोके तीन वेळा फुटले, दोन वेळा त्याला वाहत्या कालव्यात ढकलून देण्यात आले. एकदा भर दुपारी एका शेतकऱ्याने मागून येऊन फावडे घातले. उजवा कान अर्धा तुटून लोंबू लागला. सितारामने एका हाताने कान डोक्याशी दाबून धरला, दुसऱ्या हाताने दाराचे चाक फिरवून पाणी बंद केले, आणि मगच तो खाली बसला. दवाखान्यात कान शिवणाऱ्या कंपाउंडरने विचारले, "अरे, आधी पळाला का न्हाईस?"

"टाइम झाला होता ना पाळीचा," सिताराम म्हणाला.

पाटकऱ्याची एक रीत असते. तो पाण्याची पाहणी चारीच्या मुखापासून करीत नाही, शेपटापासून करतो. कारण मुखाला पाणी नेहमीच असते, अन्याय होतो तो शेवटच्या शेतावर. ही रीत सितारामच्या अंगात इतकी मुरली होती की निवृत्तीनंतर सायकलस्वारांना घेऊन जातानाही तो सर्वांच्या मागे राही. कोण दमले, कुणाची साखळी उतरली, कोण चिखलात रुतले, हे शेवटच्यालाच दिसते. सर्वांच्या पुढे असे त्याची लेक धम्मशीला.

धम्मशीला सेलूच्या एका शाळेत विज्ञान शिकवीत असे, आणि हा सायकलप्रवास तिच्याच कल्पनेतून निघाला होता. देवगाव फाट्यावर मंडळी जमवायची, जिंतुरावरून येलदरी गाठायची, तिथे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या सकाळी पाणथळाच्या काठाने हळूहळू जायचे. तिचे नियम कडक होते. राखीव क्षेत्रात घंटी नाही, हाक नाही, शिट्टी नाही. पुढची सायकल थांबली की मागच्यांनी थांबायचे. पाहुण्यांच्या सायकली गिअरच्या, दोन्ही अंगांना पिशव्या लटकवलेल्या. सितारामची मात्र तीच कालव्यावरची बावीस इंची काळी सायकल.

"बाबा, तुमच्या सायकलीला ब्रेक कुठंय?" धम्मशीला सर्वांदेखत विचारी.

"चपलेत हाय, माय," तो तितक्याच गांभीर्याने सांगे.

गेल्या पौषातल्या एका रविवारची गोष्ट. आठ पाहुण्यांचा जथा दिवस कलताना येलदरीला पोचला. मंडळी चहा घेत बसली आणि सिताराम एकटाच उद्याची वाट पाहून यायला निघाला. एका वळणापलीकडे माणिकरावाचे गाळपेर होते. माणिकराव हा काठच्या गावातला मातबर शेतकरी. त्याच्या हरभऱ्याच्या निम्म्या पट्टीत डुकरांनी मुसंड्या मारून खड्डे पाडले होते. उरलेल्या निम्म्याभोवती त्याने आता खुंट्या रोवल्या होत्या, आणि त्यांवरून गुडघ्याच्या उंचीला एक उघडी तार ताणली होती. ती तार वाटेला आडवी जाऊन थेट पाण्यापर्यंत पोचली होती. तिचे दुसरे टोक झोपडीजवळच्या विजेच्या खांबावर चढले होते. तिथे वरच्या वाहिनीत त्याने कळकाच्या लांब काठीने आकडा अडकवला होता.

तारेखाली एक डुकरीण मरून पडली होती. तार तिच्या जबड्यात रुतली होती आणि ओठ आतपर्यंत करपले होते. तिला बिलगून दोन पिले पडली होती. आईच्या अंगातून जे धावले ते त्यांच्याही अंगातून धावले होते. कावळ्यांनी डोळ्यांपासून सुरुवात केली होती.

माणिकराव आणि त्याचा सव्वीस वर्षांचा मुलगा बालाजी तिथेच खुंट्या ठोकीत होते.

"माणिकराव, वाट तेवढी सोडा," सिताराम म्हणाला. "उद्या सकाळी मान्सं सायकलीवर येनार हायेत."

"पाखरं मोजायला?" माणिकरावाने खुंटीवर घाव घातला. "मोजून पोट भरतंय का रं कुनाचं, सितारामा?"

"पोट न भरंना. मरू नये कुनी, एवढंच."

"कोन मरतंय? ह्या हप्त्याला रातची लाईट हाय. सकाळी सहाला जाती. दिसा तार मेलेली असती. कापडं वाळू घाल तिच्यावर!"

शेतीची वीज त्या भागात एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री अशी येते. रात्रीची असली की आकडा काढण्याचे कष्ट कुणी घेत नाही. सकाळी वीज आपोआप जाते, तार निर्जीव होते; रात्री वीज परत येते, तार पुन्हा सजीव होते. काठावरचा प्रत्येक शेतकरी याच हिशेबाने वागतो. सितारामनेही मान डोलावली. ज्या माणसाने बत्तीस वर्षे पाण्याच्या पाळ्या बोटांच्या पेरांवर सांभाळल्या, त्याने त्या क्षणी एकच प्रश्न विचारायला हवा होता: हा आठवडा संपतो कधी? तो प्रश्न त्याने विचारला नाही.

"तरी बी सोडा," तो एवढेच म्हणाला. "मेलेली असली तरी तार तारच. अंधुकात दिसली न्हाई तर तोंडावर पडंल मानूस. आन् वाट राखीवातली हाय."

त्या शब्दासरशी माणिकराव उठला. "राखीव! तुमचं समदंच राखीव रं! नोकऱ्या राखीव, आता पानी बी राखीव, पाखरं बी राखीव! मग आमी काय धरनात उड्या माराव्या?" आणि त्याने दोन्ही तळहातांनी सितारामच्या छातीवर असा धक्का दिला की तो बासष्ट वर्षांचा देह मागच्या खुंटीवर जाऊन आदळला. भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरले. माणिकरावाने पहार उचलली. तिचे टोक वर गेलेले सितारामने एका डोळ्याने पाहिले.

"आबा! बास!" बालाजीने बापाचे मनगट वरच्यावर धरले. "जीव घेता का मान्साचा? आना हिकडं ती."

पहार हिसकावून त्याने दूर फेकली. मग आपला गमछा सितारामच्या कपाळावर दाबला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "धरा दाबून, काका. आबा डुकरापायी येडे झालेत. तुमी यायच्या आत वाटेवरली तार म्या सोता गुंडाळून ठिवतो. साडेआठलाच येतो. शब्द हाय."

"दे शब्द," सिताराम म्हणाला.

"दिला की!" बालाजी हसला. "आन् त्या पाव्हन्यांला म्हनावं, हरभऱ्याकडं बी एक फोटो काढा. आमी बी हितंच ऱ्हातो."

सोमवारी सकाळी सितारामची भुवई पाहून धम्मशीलाचा चेहरा उतरला. "कोणी मारलं, बाबा?"

"खुंटीवर पडलो."

"खुंटीनंच ढकललं वाटतं," ती म्हणाली. वाटेवर तार आहे आणि बालाजी ती काढणार आहे, एवढे त्याने तिला सांगितले. तार दिवसा मेलेली असते, हेही सांगितले. "हां," ती म्हणाली, आणि सायकलवर बसून पुढे निघाली.

धुके पाण्यावरून अजून उठले नव्हते. त्या शुभ्र आवरणाआड चक्रवाकांचे आर्त स्वर एका काठावरून दुसऱ्या काठाला उत्तर देत होते. वाट ओली होती. चाकांचा आवाज म्हणजे केवळ मातीचा एक ओलसर उसासा. धम्मशीला पुढे, तिच्यामागे आठ पाहुणे, आणि सर्वांत शेवटी सिताराम. परभणीच्या एका बँकेत काम करणारी प्रियांका पहिल्यांदाच इतक्या दूरच्या प्रवासाला आली होती. ती मागे पडे, तेव्हा सिताराम तिच्यासाठी थांबे, आणि पुढच्यांचे अंतर वाढत जाई. बाभळींच्या वळणापाशी तर धम्मशीला दिसेनाशीच झाली.

तेवढ्यात काठावरच्या पाणी उपसणाऱ्या मोटारी सुरू झाल्या.

एक नव्हे, पाच-सात, एकाच क्षणी. वीज आली की आपोआप सुरू होतील अशा कळा शेतकरी मोटारींना बसवून ठेवतात. त्या घोंघाटाने पाण्यावरचे सहस्रावधी पक्षी एकदम उठले. आकाश पंखांनी भरून गेले. पाहुण्यांनी सायकली टाकून माना वर केल्या. प्रियांका आनंदाने ओरडणार होती, पण नियम आठवून तिने तोंडावर हात ठेवला.

सितारामने वर पाहिले नाही. दिवसा मोटार. आज सोमवार. आठवडा सोमवारी फिरतो. वीज दिवसाची झाली. आकडा खांबावरच आहे. या पाच गोष्टी त्याच्या मनात एकीमागून एक पडल्या, दारे बंद होत जावीत तशा. आणि धम्मशीला वळणापलीकडे होती.

"धम्मे!" त्या राखीव पाणथळात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी हाक मारली. "धम्मे, थांब! तार!"

पंखांच्या कोलाहलाने ती हाक गिळून टाकली. सिताराम पायडलांवर उभा राहिला. वाट पाहुण्यांनी अडवली होती, म्हणून त्याने सायकल हरभऱ्यात घातली. ढेकळांवरून उसळत, घाट्यांना चिरडत, शिवलेल्या कानापासून गुडघ्यापर्यंत सर्व सांधे हादरवत ती काळी सायकल वळणापलीकडे गेली.

बालाजीने शब्द पाळला होता. साडेआठला तो आला होता. वाटेवरच्या खुंट्यांवरून तार सोडवून त्याने ती, दोर गुंडाळावा तशी, डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत वेढे देत गुंडाळायला घेतली होती. मेलेल्या तारेला कोण भितो? चार-पाच वेढे झाले आणि वीज आली.

आता तो ओल्या गाळात गुडघ्यांवर होता. पाठ धनुष्यासारखी मागे वाकली होती. दात जिभेत रुतले होते आणि हनुवटीवरून रक्त ओघळत होते. तोंडातून आवाज निघत नव्हता. आवाज येत होता तो त्याच्या हाताचा, कातडे तव्यावर पडल्यासारखा. वेढ्यांमधून धूर निघत होता. बोटे तारेवर मिटली होती आणि ती उघडणे आता त्याच्या हाती राहिले नव्हते.

धम्मशीलाची सायकल वाटेत आडवी पडली होती आणि ती स्वतः हात पुढे करून बालाजीकडे धावत होती. विजेला चिकटलेल्या माणसाला हात लावू नये, हे ती दर वर्षी सातवीच्या वर्गात आकृती काढून शिकवीत असे. फळ्यावरचे ज्ञान फळ्यावर राहिले. पुढे धावला तो करुणेचा हात होता, आणि करुणा त्या क्षणी तिचा प्राण घेणार होती.

सितारामने चप्पल टेकली नाही. त्याने सायकल सरळ आपल्या लेकीच्या अंगावर घातली. हँडलचे टोक तिच्या खांद्यात बसले. हाड मोडल्याचा आवाज त्याने ऐकला, तिची किंकाळी ऐकली. दोघेही हरभऱ्यात फेकले गेले. तिच्या चेहऱ्याकडे त्याने पाहिले नाही. पाहिले असते तर तो उठला नसता.

झोपडीकडून माणिकराव येत होता. धोतर सुटले होते. "बाळ्या! बाळ्या रं!" त्याच्या आणि मुलाच्या मध्ये पाच पावले उरली होती. सितारामने रांगत जाऊन त्याच्या पायांना मिठी घातली. माणिकराव तोंडावर पडला, उलटला, आणि त्याने सितारामच्या तोंडावर मूठ मारली. कालची भुवई पुन्हा उघडली. दुसऱ्या मुठीने दात हलला.

"सोड! माझं पोरगं जळायलंय! सोड, भडव्या!"

"हात लावला की तुमी बी जाल!"

"जाऊ दे! जाऊ दे मला!"

माणिकरावाने त्याच्या मनगटाचा चावा घेतला, दात हाडाला लागेपर्यंत. सितारामने मनगट सोडवले नाही. त्याने आपले कपाळ माणिकरावाच्या नाकावर आपटले. एकदा, आणि तो पुन्हा उठू लागला तेव्हा दुसऱ्यांदा. मग गुडघा त्याच्या छातीवर रोवला आणि दोन्ही मुठींनी त्याला मारीत राहिला. ज्याने आयुष्यभर मार खाल्ला त्या माणसाला मारणे कसे असते ते ठाऊक नव्हते. तो वाईट मारीत होता, रडत मारीत होता, पण मारीत होता.

प्रियांका वळणावरून येऊन थिजून उभी होती.

"पोरी!" सिताराम ओरडला. "झोपडीपाशी कळकाची काठी हाय. कोरडी हाय का बघ. खांबावरला आकडा पाड. तारेला पाय लावू नको!"

ती धावली. लांब काठी तिने दोन्ही हातांनी वर उचलली. पहिल्या वेळी काठी खांबावर आपटली. दुसऱ्या वेळी वाहिनीला चाटून गेली. तिसऱ्या वेळी निळी ठिणगी उडाली आणि आकडा खाली आला.

बालाजी गाळात तोंडावर पडला.

पाहुण्यांत नांदेडचे एक डॉक्टर होते. त्यांनी त्याची छाती दाबली, तोंडात श्वास भरला. घाम गाळीत, इतरांना आळीपाळीने बसवीत, बराच वेळ. अखेर ते मागे सरून गाळात बसले आणि त्यांनी आपले हात मांडीवर उपडे ठेवले. तेवढ्याने सर्वांना कळले.

गाव लोटले. जिंतुराहून पोलीस आले, पंचनामा सुरू झाला. लोकांना दिसत होते ते एवढेच: मेलेला मुलगा, नाक फुटलेला बाप, आणि रक्ताने माखलेल्या मुठींचा सिताराम.

"बापाला दाबून धरलं आन् पोरगं जळू दिलं."

"ह्येच्या सायकलीपायी गेलं. वाट मोकळी करायला आलं होतं ते."

कुणी तरी दगड भिरकावला. तो सितारामच्या पाठीत बसला. दोघा-तिघांनी काळ्या सायकलीवर पाय देऊन तिची चाके मोडली. त्यांच्या बोलण्यातले अर्धे खरे होते, आणि ते त्यांच्यापेक्षा सितारामलाच अधिक ठाऊक होते: शब्द त्याने मागितला होता.

हवालदाराने माणिकरावापुढे कागद धरला. "मारहाण कुणी केली? नाव सांगा."

"सांगा की, आबा! सिताराम म्हना!" गर्दी म्हणाली.

माणिकराव मुलाच्या डाव्या हाताकडे पाहत होता. वेढे अजून तसेच होते. ते सोडवायला कुणी धजावले नव्हते. नाकातले रक्त त्याच्या मिशीत सुकले होते.

"तार माझी हाय," तो म्हणाला. "आकडा म्या टाकला. लाईट दिसाची झाली हे माज्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई. लिवा."

"आणि तुम्हाला मारलं ते?"

"ते लिवू नका."

मग त्याने पहिल्यांदाच सितारामकडे पाहिले. त्या दृष्टीत क्षमा नव्हती आणि ती कधी येईल असेही त्यात काही नव्हते. "तू मला सोडायला पायजे होतं," तो म्हणाला.

"न्हाई सोडलं," सिताराम म्हणाला. "पुन्ना बी न्हाई सोडनार."

पोलिसांच्या जीपमध्ये धम्मशीलाला दवाखान्यात न्यायचे ठरले. डॉक्टरांनी ओढणीने तिचा हात गळ्यात बांधला होता. खांद्याचे हाड कातडीखाली वर आलेले दिसत होते. जीप गाळातून उसळत निघाली, तसे तिने ओठ चावले.

"लय दुखायलंय, बाबा."

"दुखू दे, माय," सिताराम म्हणाला, आणि जिंतूर येईपर्यंत त्याने तिचा दुसरा हात आपल्या हातातून जाऊ दिला नाही.